जोडीतली दुसरी खुर्ची

"आगं ए सुमे! उठव त्या बाईला! आवं बाई, उठा, उठा! मुंग्या! मुंग्या लागल्यात तुमच्या मागनं!"

सुमी म्हणजे मी. हौसामावशीचा हा आवाज मिरज जंक्शनात उभ्या असलेल्या गाडीच्या गार्डला ऐकू गेला आणि त्यानं दाखवलेला हिरवा झेंडा खाली घेतला, असं मी आजवर निदान दोनशे माणसांना सांगितलं आहे. एकानंही मला खोटं पाडलेलं नाही, कारण मावशीचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना यात नवल वाटत नाही आणि ज्यांनी ऐकलेला नाही ते माझं तोंड बघून गप्प बसतात. तर डॉक्टरीणबाई उठल्या. पांढरी, कडक खळीची साडी, केसात अबोलीचा गजरा, अशा त्या बाई हात टेकून उठल्या आणि त्यांच्याबरोबर खुर्चीही उठली. चांगली वीतभर उठली. सांगताना मी हातभर सांगते, पण इथं लिहून ठेवायचं आहे म्हणून वीतभर. मग फर्रकन आवाज झाला, खुर्ची खाली आदळली, बाईंच्या साडीवर मागच्या बाजूला तपकिरी नकाशा उमटला, आणि त्या नकाशावरून लाल मुंग्यांची रांग अशी शिस्तीत चालली होती की आमच्या आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बघितली असती तर उभ्या जागी सलाम ठोकला असता. खुर्ची मी पॉलिश केली होती. शेजारची, तिच्या जोडीची खुर्ची शालननं केली होती. तिच्यावर एक मुंगी नव्हती. एक! मी त्या गोंधळातही वाकून बघितलं होतं.

मुंग्या कुठून आल्या ते सांगायचं तर आधी शालन कुठून आली ते सांगायला पाहिजे. शालन माझी चुलत बहीण. साताऱ्याकडं कृष्णेकाठी आमचं गाव, उसाचं रान, आणि एकाच भिंतीला पाठ लावलेली दोन घरं. इकडं आम्ही, तिकडं थोरल्या चुलत्यांचं. ती माझ्यापेक्षा अडीच महिन्यांनी लहान, आणि त्या अडीच महिन्यांचा मला काडीचा फायदा झाला नाही. चालायला ती आधी शिकली. दात तिचे आधी आले. माझे केस उंदरानं कुरतडल्यासारखे आणि तिची वेणी म्हणजे विहिरीवरच्या मोटेचा जाड दोर, सोंदूर. मी दिवसाला हजार शब्द बोलायची, ती दहा, आणि संध्याकाळी आमची आई म्हणायची, "शालन बोलती कमी, पर बोलती ते मोजकं." माझ्या हजारांचं कुणी नावच काढत नसे.

एका गोष्टीत मात्र मी तिच्या पुढं होते असा माझा पक्का समज होता, आणि ती गोष्ट म्हणजे रंग. कारण रंग आमच्या रक्तात होता, घरात होता, आमटीतसुद्धा कधीमधी उतरत होता. आण्णा पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनीत आलेले. त्यांनी बरोबर एक काळी ट्रंक आणली, जिच्यावर पांढऱ्या अक्षरांत त्यांचं नाव होतं, आणि एक सवय आणली, की दर दिवाळीला दिसेल त्याला ऑइलपेंट फासायचा. खाट हिरवी, दार हिरवं, पाण्याचा स्टँड हिरवा, म्हशीचा खुंटा हिरवा. म्हशीची शिंगं तर लालच होती, पण एका वर्षी लाल संपला तेव्हा तीही हिरवी झाली आणि ती म्हैस बाजारातून चालली की लोक वाट सोडायचे. दोन दिवस एका जागी पडलेली आमची आजारी आत्या आण्णा ब्रश घेऊन आले की उठून बसायची, असं गावात सांगत. ब्रश धुवायचं काम माझं, डबा ढवळायचं काम माझं. मला वाटायचं, रंगकाम म्हणजे आपल्या बापजाद्यांचं. शालनच्या बापानं आयुष्यात फक्त बैलगाडीच्या चाकाला वंगण लावलंय.

दहावीची परीक्षा झाली आणि मावशीचा निरोप आला. हौसामावशी, आईची सख्खी धाकटी बहीण, मिरजेत राहायची. तिचे मालक बापूकाका जुन्या लाकडी सामानाला पॉलिश करायचे. मूळचे ते तंबोरे-सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत हात घासून शिकलेले, पुढं त्यांनी खुर्च्या-कपाटांचं वेगळं दुकान घातलं. मिरजेत जितके दवाखाने तितके डॉक्टर, आणि जितके डॉक्टर तितक्या त्यांच्या आज्यांच्या जुन्या आरामखुर्च्या, त्यामुळं काम तोंडापर्यंत. त्यांना मूलबाळ नव्हतं. निरोप असा की, एका पोरीला ठेवून घेतो, कॉलेजला घालतो, सकाळ-संध्याकाळ हाताखाली काम शिकवतो. एकीलाच का, तर घर दोन खोल्यांचं, त्यातली एक लोकांच्या कपाटांनी भरलेली, आणि दुसरीत मावशी, काका, चूल आणि फार तर एक खाट.

आता हे वाचणाऱ्याला यात काही विशेष वाटणार नाही. माझी नात रेवा तर म्हणते, "आजी, मिरज काय, सांगलीतनं पंधरा मिनिटं." पण आमच्या गावात दहावी झालेल्या मुलीला उन्हाळ्यात पाहुणे दाखवत आणि पावसाळ्याआधी उजवत. माझ्यासाठी फलटणकडचं एक स्थळ आईनं पदराच्या गाठीला बांधूनच ठेवलं होतं. मिरज म्हणजे कॉलेज, मिरज म्हणजे रोजची आगगाडी, मिरज म्हणजे त्या गाठीतून सुटका. आणि मावशी माझी! सख्खी! शालनला ती कोण? चुलतीची बहीण. कुळात न मुळात. पण आई म्हणाली, "दोघी जावा म्हैनाभर. सोबतीला शालन आसू दे. मंग हौसा तिचं ती बगंल, कुणाला ठेवायचं." सोबतीला! मांजराला दुधाच्या सोबतीला पाठवतात तसं.

बहिणीच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून आईनं शेंगदाण्याची चटणी, कुरडया आणि आमच्या गुऱ्हाळाची काकवी बांधून दिली. काकवी भरली होती आण्णांच्या कँटीनच्या रमच्या बाटल्यांत. आमच्याकडं त्या बाटल्या फेकायची पद्धत नव्हती. गोडं तेल, रॉकेल, काकवी, सगळं त्यांतच. आण्णांनी दर खेपेला रिकाम्या बाटल्या साडूलाही पोचवलेल्या. त्यामुळं आम्ही बापूकाकांच्या दुकानात पाऊल टाकलं तेव्हा खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात रांगेनं उभ्या असलेल्या लाखेच्या पॉलिशच्या बाटल्या बघून मला वाटलं, हे तर आमचंच घर आहे. तशीच काच, तसाच आत तांबूस-काळा माल. मावशीनं आमच्या काकवीच्या बाटल्याही तिथंच शेजारी टेकवल्या. हे लक्षात ठेवा.

त्या दुकानाचा वास मला आजही मध्येच कुठंतरी येतो: स्पिरिट, जवसाचं तेल, लाकडाचा भुसा, आणि आतून मावशीच्या भाकरीचा. शेजारच्या गल्लीत दिवसभर तंबोरे जुळवत. एकाच सुरात गुणगुण चालायची, जेवताना, झोपताना, भांडी घासताना. पहिल्या आठवड्यात ती मला गोड वाटली. दुसऱ्या आठवड्यात त्या तारा "शालन... शालन... शालन..." म्हणतात हे माझ्या ध्यानात आलं. कारण तोवर घरात दुसरं काही बोलणंच उरलं नव्हतं. पहिल्याच परीक्षेत काकांनी दोघींना एकेक जुना पाट दिला, "तुमाला वाटंल तसा सजवा." मी आण्णांचं नाव राखलं. हिरवी जमीन, पिवळी कड, मधे दोन राघू, समोरासमोर, चोचीत फांदी. राघू थोडे अंगानं भरले होते, मावशीनं "ही कोंबडी गाभण हाय का गं?" असं विचारलं, पण मी ते मनावर घेतलं नाही. शालननं काय करावं? पाट काचेच्या तुकड्यानं खरवडला, घासला, चिंधीनं जवसाचं तेल चोळलं आणि फक्त चार कोपऱ्यांत गेरूनं एकेक पान काढलं. बस्स. मी मनात म्हटलं, हिला रंग पुरला नाही. काकांनी दोन्ही पाट उचलले, माझा खाली ठेवला, तिचा दाराच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "हिनं लाकूड दिसू दिलं."

त्या दिवसापासून माझ्या पोटात जे पेटलं त्यावर मावशीचा स्वयंपाक झाला असता. पहिली भाकरी शालनच्या ताटात. तेल लावून वेणी शालनची. "शालन, बोळा घे," "शालन, लाख गाळ." बोळा म्हणजे कापसावर मऊ चिंधी गुंडाळून केलेली गोळी, पॉलिश हातानं, त्या बोळ्यानं, गोल गोल फिरवत चढवायचं असतं, आणि हात मधे थांबला की तिथं डाग. शालनचा हात थांबायचा नाही, कारण तोंड बंद असायचं. माझा दर वाक्याला थांबायचा. आणि काकांची तपासायची तऱ्हा अशी की ते लाकडावर हा करून तोंडाची वाफ सोडत आणि ती किती लवकर उडते ते बघत. शालनच्या कामावरची वाफ डोळा लवायच्या आत जायची. माझ्या कामावरची, मला खात्री आहे, अजून तिथंच असेल.

मग त्या डॉक्टरीणबाई आल्या. हातगाडीवर दोन सागवानी खुर्च्या, वेताच्या बैठकीच्या, त्यांच्या सासऱ्यांच्या लग्नातल्या. "काका, जोडी आहे हं. जोडीसारखी दिसली पाहिजे. एक उजळ, एक काळी असं नको." काकांनी आमच्या दोघींकडं बघितलं.

"एक तुजी, एक तिची," काका म्हणाले. "जिचा रंग आदी धरंल, तिच्या रंगाला दुसरीनं रंग मिळवायचा. बाई खुर्च्या घिऊन गेल्या की मी काय ते ठरीवतो."

"काय ते" म्हणजे काय हे न कळायला आम्ही काही कुकुली बाळं नव्हतो. आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.

खरवडण्यात मी मागं पडले. त्याला कारण होतं, समोरच्या घरात भांडण चाललं होतं आणि ते अर्धवट सोडणं मला बरं वाटलं नाही. शालनची खुर्ची दोन दिवसांत उघडी झाली. आता लाकडाला पाण्यातला रंग पाजायचा. "पाजायचा" हा काकांचाच शब्द. पिवडीची पिवळी माती, हिरमिजीची तांबडी, चिमूटभर काजळी, थोडा सरस, असं कोमट पाण्यात कालवून चिंधीनं लाकडाला प्यायला द्यायचं, वाळलं की वरून लाख. शालननं रंग एका डब्यात कालवला, झाकला, आणि दुपारची जेवणं झाल्यावर मावशीच्या शेजारी जाऊन लवंडली. काका पान खायला गेले. मे महिन्यातली मिरजेची दुपार, तंबोरेवालेसुद्धा पेंगलेले. मी एकटी जागी होते, आणि खिडकीत आमची काकवी.

मी लय विचार केला असं म्हणायला मला आवडलं असतं. मी विचार केला नाही. बाटली उचलली आणि शालनच्या डब्यात काकवी ओतली. वाटीभर. बरं, दोन वाट्या. धार जाडसर, तांबडीलाल, आवाज न करता खाली गेली, आणि वर काही दिसलंच नाही. माझा हिशोब सरळ होता: रंग काळा पडेल, चिकट होईल, काका ओरडतील, आणि वेणीवाली शालन एसटीनं साताऱ्याला. मग मी जाऊन तिच्याच शेजारी झोपले आणि मला झोपही लागली. हे लिहिताना मात्र लागत नाहीये.

चार वाजता शालन उठली. डब्यावर वाकली. जराशी थांबली. मग बाभळीची काडी घेतली आणि ढवळायला लागली. ढवळते, ढवळते, ढवळते. मी दाराआड तोंडात पदर कोंबून हसत होते. मग तिनं चिंधी बुडवली आणि खुर्चीच्या हातावरून एक हात ओढला.

अगं आई गं. त्या रंगाचं मी काय सांगू? आमच्या गुऱ्हाळावर गूळ व्हायच्या जरा आधी, कढईला आतून उकळी असते आणि छपराच्या भोकातून उन्हाची तिरीप नेमकी तिच्यात पडते, तो रंग. तांबूस नाही, पिवळा नाही, आतून पेटलेला. लाकडाची रेघ न् रेघ उठून आली. काका पान चघळत आले आणि चघळायचे थांबले. बराच वेळ बघून म्हणाले, "ह्यो रंग कसा आणलास गं?"

"तुमी सांगितला तसाच," शालन म्हणाली.

"मी असा न्हाई सांगितला," काका म्हणाले. "पर आसू दे. लय झ्याक."

तिनं तो दोन दिवस कडकडीत वाळवला, हलकं घासलं, आणि वर लाखेचे हात चढवले, मी मोजले, अठरा. काकांनी वाफ सोडली ती लाकडाला टेकायच्या आधीच उडाली. आणि मी? मी माझ्याच हातानं तिचं नशीब पॉलिश करून दिलं होतं. आता माझी खुर्ची त्या रंगाला मिळवायची होती. माझी पहिली खेप एसटीच्या रंगाची निघाली. दुसरी आजारी म्हशीच्या. तिसऱ्या खेपेला काका उठून दुसरीकडं बसले. मी दर खेपेला घाईनं वर लाख चढवून बघत होते, पुन्हा खरवडत होते, त्यामुळं लाकूड आधीच लाख पिऊन बसलेलं, वरचा रंग आत घेईना. त्या रंगाची किल्ली अख्ख्या मिरजेत एका माणसाला ठाऊक होती, आणि ते माणूस मी, आणि मला ती कुणाला सांगता येत नव्हती. असा न्याय देवाच्या दारातसुद्धा होत नसेल.

बाई दुसऱ्या दिवशी येणार म्हणताना मी धीर सोडला. सगळे आत जेवायला बसले, मी "पोट दुकतंय" म्हणून बाहेर. काकवीची बाटली घेतली, चिंधी भिजवली आणि खुर्चीला वरूनच चोळली, जशी आई आमच्या चपातीला चोळायची. रंग मिळाला! बरोब्बर मिळाला, उलट माझी जास्त चमकत होती. मग वर लाखेचा एक पातळ हात. एकच, कारण दुसऱ्या हाताला बोळा चिकटायला लागला. मान वर केली तर दारात शालन. हातात पाण्याचा तांब्या, माझ्यासाठीच आणलेला. तिनं खुर्चीकडं बघितलं, माझ्या हातातल्या बाटलीकडं बघितलं. बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं.

"वाळंल का गं उद्यापतूर?" एवढंच म्हणाली.

"तुज्या आदी वाळंल," मी म्हणाले. ती तांब्या उंबऱ्यावर ठेवून आत गेली.

सकाळी बाई आल्या. दोन्ही खुर्च्या दाराशी शेजारी शेजारी. "अय्या, किती सुंदर! आणि अगदी जोडीच्या!" माझा ऊर असा फुगला की पोलक्याचं बटण तुटलं. बाई कौतुकानं बसल्या. दोन खुर्च्यांतली माझीच त्यांनी निवडली, आणि मी शालनकडं असं बघितलं की तिथल्या तिथं तिची राख व्हावी. मावशीनं चहा ठेवला. बाई बसून सासऱ्यांच्या गोष्टी सांगायला लागल्या, एक झाली, दुसरी झाली, मेचं ऊन दाराशी आलं, बाईंचं अंग भरलेलं, खुर्ची तापली. मुंग्या खिडकीखालच्या फटीतून रात्रीपासूनच वाट शोधत असाव्यात. चहाची बशी घेऊन बाहेर आलेल्या मावशीला त्या दिसल्या, आणि तिथून पुढचं मी सुरुवातीला सांगितलंच आहे, गार्डच्या झेंड्यासकट.

बाई गेल्या. मावशीची चांगली इरकल नेसून गेल्या, ओरडल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. काकांनी खुर्चीच्या हातावर बोट फिरवलं आणि बोट तोंडात घातलं.

"काकवी," म्हणाले.

 शेजारच्या गल्लीतले तंबोरे तेवढे चालू. मी शालनकडं बघितलं, ती जमिनीकडं बघत होती. मग माझ्या तोंडातून जे निघालं ते इतकं सुरेख निघालं की मलाच माझं कौतुक वाटलं. "काका, बाटल्या सारक्याच हायती न्हवं. मला वाटलं पॉलिशची हाय." मावशी आधी हसली. मग काकाही हसले, डोळ्यांत पाणी येईतो हसले. मी सुटले असं मला वाटलं. मग काकांनी डोळे पुसले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, जिला काकवीचा आन् स्पिरिटचा वास येगळा कळत न्हाई, तिच्या हाती मी लोकांचं लाकूड कसं देऊ?" वाईट म्हणून घालवली असती तर परवडलं असतं, नाकाला वास नाही म्हणून घालवली! आणि खोटं माझंच, त्यामुळं परत घ्यायची सोय नाही.

दोन दिवसांनी मी परत निघाले. स्टेशनवर मावशीनं भडंगाची पुडी दिली आणि रडली. शालन खांबाला टेकून उभी. गाडी हलली तेव्हा तिनं हात वर केला, मी खिडकी लावून घेतली, आणि तिच्यात माझंच बोट सापडलं. साताऱ्यापर्यंत मी रडले ते त्या बोटामुळं, हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगितलं.

फलटणचं स्थळ मी मोडलं, तीही एक गोष्ट आहे, पण पुढं लग्न झालं ते सांगलीतच, विश्रामबागेत. माणूस चांगला मिळाला, मुलं चांगली निघाली. तक्रार एवढीच की मिरज आठ किलोमीटरवर आणि तिथून शालनची कीर्ती रोज वाऱ्यावर यायची. काकांच्या मागं तिनं दुकान मोठं केलं. आता पुण्याहून लोक गाड्या भरून मोडकी कपाटं घेऊन तिच्याकडं येतात. माझ्या घरात आजवर तिच्या हातचं एक स्टूल नाही. सगळं सनमायका. पाहुणे म्हणतात, "शालनताई तुमच्या कोण ना?" मी म्हणते, "लांबची."

परवा रेवानं मोबाईलवर कसलासा व्हिडिओ बघून माझं चांगलं स्टूल पांढरं रंगवलं आणि मग जुनं दिसावं म्हणून कोपऱ्याकोपऱ्यांत घासून काढलं. आण्णा असते तर तिचं कोर्ट मार्शल झालं असतं. तरी तिचं समाधान होईना, रंगाची पोपडी निघायला लागली. म्हणाली, "शालनआजीला विचारूया." मी नको म्हणाले, तिनं रिक्षा बोलावली.

दुकान तेच, फक्त मागं वाढलेलं. वास तोच. शालनची वेणी आता पांढरी, तरी सोंदराएवढीच, काय तो माणसाचा हट्ट. ती एका देव्हाऱ्याला बोळा फिरवत होती. रेवा स्टूल घेऊन मागं कामगारांत गेली आणि मी बसायला जागा शोधायला लागले, तर भिंतीशी त्या दोन खुर्च्या. डॉक्टरांचं घर बंद झालं, पोरं परदेशात, बाईंनी जाताना जोडी शालनला दिली. मी जवळ गेले. चष्मा लावला. दोन्ही तशाच, गुळाच्या कढईतल्या उन्हासारख्या, आतून पेटलेल्या.

"वळख, तुजी कुटली," शालन म्हणाली. हात थांबला नाही.

मी डाव्या खुर्चीवर वाफ सोडली. उजवीवर सोडली. मला ओळखता येईना. मी गेल्यावर माझी खुर्ची खरवडून हिनंच केली असणार, एवढं तर उघड होतं. पण रंग? हा रंग दुसऱ्यांदा तिनं आणला कुठून? मी त्या दोन खुर्च्यांच्या मधे उभी राहिले.

"शाले," मी म्हणाले, "त्या तुज्या डब्यात काकवी मी घातली हुती."

"ठावं हाय."

"कवापास्नं?"

"तवाच. तळाला बसली हुती. मीच ढवळून घेतली."

"आन् मी वरनं चोळत हुते, तवा बगितलंस की तू! तांब्या घिऊन आलीस, दारात हुबी ऱ्हायलीस. तवा का न्हाई बोललीस मला?"

शालननं बोळा वाटीत बुडवला, पिळला, आणि देव्हाऱ्यावर पुन्हा टेकवला.

"मलाबी मिरजंतच ऱ्हायाचं हुतं की."